लांब पल्ल्याची तयारी आणि डोक्यातली धावपळ: नाशिकच्या धावपटूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाफ (२१.०९७५ किमी) किंवा फुल (४२.१९५ किमी) मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बूट, स्ट्रेचिंग, आठवड्याचं वेळापत्रक यांबद्दल इथे काही सापडणार नाही. पळताना आणि न पळताना डोक्यात जे चालतं, तेवढ्यापुरतंच हे आहे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मानसिक ताकद म्हणजे नेमकं काय? दात-ओठ खाऊन पळत राहायचं का?

दात-ओठ खाणारा माणूस पहिल्या दहा किलोमीटरमध्येच जबडा, मान आणि खांदे आवळून बसतो. ती ताकद मग शेवटी कमी पडते. लांब पल्ल्यात मन घट्ट असणं म्हणजे तीन कामं जमणं: त्रास सुरू झाल्याचं वेळेवर लक्षात येणं, तो कशामुळे होतोय हे शोधणं, आणि आधी ठरवून ठेवलेला उपाय तिथल्या तिथे करणं. तिन्ही सरावाने येतात. जन्मतः कणखर वगैरे असावं लागत नाही.

शिवाय 'माझं मनच कच्चं आहे' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं मन ठणठणीत असतं. झोप पाच तासांची झालेली असते, पोटात रात्रीनंतर काही गेलेलं नसतं, नाहीतर सुरुवात ऐपतीपेक्षा जोरात झालेली असते. झोप, खाणं, वेग हे तिन्ही तपासल्याशिवाय मनाला बोल लावू नका.

२. मी पहिल्यांदाच हाफ करतोय. मनाची तयारी कधीपासून सुरू करू?

पहिल्या आठवड्यापासून. शेवटच्या पंधरवड्यात प्रेरणादायी व्हिडिओ बघून फार काही हाती लागत नाही.

१६ आठवड्यांची तयारी धरली, तर पहिले चार आठवडे फक्त नोंद ठेवा. लाँग रननंतर (आठवड्यातला सर्वांत लांब रन) वहीत चार गोष्टी लिहा: आदल्या रात्रीची झोप, निघण्याआधी काय खाल्लं, कितव्या किलोमीटरला 'बास आता' वाटलं, आणि तेव्हा नेमकं काय डोक्यात आलं. चार रविवारांत नमुना दिसू लागतो. कुणाचा दर वेळी परतीच्या वळणावर धीर सुटतो, कुणाचा ऊन वर आलं की. पाचव्या आठवड्यापासून त्या जागेसाठी उपाय ठरवून तो वापरून बघा (प्रश्न ५ आणि ६). अकराव्यापासून रेसच्या दिवसाची रंगीत तालीम करा: तेच कपडे, तोच नाश्ता, तीच सुरुवातीची वेळ. हे सगळं आठवड्यातून एकाच रनला करायचं. बाकीचे दिवस निवांत पळा.

३. पहाटे पाचला उठवतच नाही. इच्छाशक्ती वाढवायला काय करू?

पहाटे पाचला इच्छाशक्तीवर अवलंबूनच राहू नका, कारण त्या वेळी ती कुणाकडेच नसते. सगळे निर्णय आदल्या रात्री घेऊन टाका. कपडे खुर्चीवर, मोजे बुटात, पाण्याची बाटली भरलेली, रस्ता ठरलेला, मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. मग वाक्य ठरवा, 'जर-तर' घातलेलं: 'गजर वाजला तर आधी दिवा लावेन, मग विचार करेन.' ऐकायला बालिश वाटतं, पण अशा पक्क्या वाक्याने काम होतं, कारण त्या क्षणी निवड करायची उरत नाही.

दुसरी युक्ती दहा मिनिटांची. घराबाहेर पडून दहा मिनिटं हळू पळायचं, तरीही नको वाटलं तर परत यायचं, आणि अपराधी वाटून घ्यायचं नाही. परत येणारे फार थोडे असतात.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा अडचण आळसापेक्षा गारठ्याची असते. जुना फुल बाह्यांचा शर्ट, कानटोपी आणि हातमोजे घालून घरातच पाच मिनिटं जागेवर चाला, मग दार उघडा. आणि कुणाला तरी कोपऱ्यावर उभं राहायला सांगा. थंडीत कुडकुडत वाट पाहणारा मित्र कुठल्याही गजरापेक्षा भारी.

४. लक्ष्य किती वेळेचं ठेवावं? मोठं ठेवलं की दडपण येतं, छोटं ठेवलं की मजा येत नाही.

एकच लक्ष्य ठेवणं हीच चूक. तीन ठेवा. पहिलं सगळं जुळून आलं तरचं, दुसरं साधारण दिवसाचं, तिसरं वाईट दिवसाचं. तिसऱ्यात वेळ नसावी. 'कट-ऑफच्या (आयोजकांनी ठरवलेल्या कमाल वेळेच्या) आत, लंगडत न येता' एवढं पुरे.

पहिलं लक्ष्य आकाशातून आणू नका. अलीकडे १० किमी पूर्ण जोर लावून ६० मिनिटांत केलं असेल, तर हाफचा अंदाज २ तास १२ मिनिटांच्या आसपास येतो. हाफवरून फुल काढायचं तर वेळेला साधारण २.०८ ने गुणा. म्हणजे २:१२ च्या हाफवाल्याचं फुल ४:३५ च्या पुढेमागे. हे गणित नियमित लांब पळणाऱ्यांचं आहे. आठवड्याला ३५-४० किमीच होत असतील तर फुलच्या अंदाजात आणखी १५-२० मिनिटं मिळवा. पहिली रेस असेल तर पहिलं लक्ष्य कुणाला सांगूच नका. दुसरं सांगा.

५. लाँग रनमध्ये १५ किमीनंतर 'हे सगळं कशासाठी?' असं वाटायला लागतं. काय करावं?

आधी झोप-खाणं-वेग तपासा. पहिले पाच किमी ठरवलेल्यापेक्षा जोरात गेले असतील तर १५ व्या किलोमीटरला तो प्रश्न पाय विचारत असतात. ९० मिनिटांहून लांब रनमध्ये तोंडात काहीच घातलं नसेल तरी तेच. हे दोन्ही ठीक असेल तर पुढचं वाचा.

अंतर फोडा. त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा वारकरी एकूण किलोमीटर मोजत बसत नाही, आजचा मुक्काम कुठे एवढंच विचारतो. गंगापूर रोडने धरणाच्या दिशेने जाताना तसेच मुक्काम पाडा: जेहान सर्कल, आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर गाव, गोवर्धन. प्रत्येक मुक्कामाला एक काम द्या. सोमेश्वरला पाणी, गंगापूर गावात खजूर, गोवर्धनला खांदे सैल. पुढच्या मुक्कामापलीकडचा विचार आला की 'ते तिथे गेल्यावर बघू'.

परतीच्या वाटेवर जास्त त्रास होतो, कारण घर जवळ येत असतं आणि रिक्षाही दिसत असते. त्यामुळे लाँग रन एका दिशेचा ठेवून दुसऱ्या टोकाला घ्यायला कुणाला बोलावणं, किंवा घराजवळून जाणारी फेरी टाळणं हे साधे उपाय कामी येतात. घराच्या दारावरून तीनदा जाणारी फेरी आखू नका. तिसऱ्यांदा चहाचा वास येतोच.

आणि 'कशासाठी' या प्रश्नाचं उत्तर पळताना शोधू नका. ते घरी वहीत एका ओळीत आधीच लिहिलेलं असावं. रविवारची झणझणीत मिसळ हे उत्तर असेल तरी आमची हरकत नाही. फक्त रन संपल्यावर आधी केळं आणि पाणी घ्या, मिसळ अर्ध्या-पाऊण तासाने.

६. स्वतःशी बोलायचं म्हणतात. पण नेमकं काय बोलायचं?

दोन प्रकारची वाक्यं लागतात. पहिली सूचनेची: 'खांदे सोड', 'पाऊल छोटं', 'हात खाली', 'श्वास पूर्ण सोड'. दुसरी धीराची: 'हे ओळखीचं आहे', 'पुढच्या खांबापर्यंत'. चार शब्दांहून लांब नकोत, दमल्यावर लांब वाक्य डोक्यात टिकत नाही. घरात ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत बोला. अहिराणीत विचार करणाऱ्याने अहिराणीतच. 'मी करू शकतो'पेक्षा स्वतःला नावाने हाक मारून 'तू' म्हटलेलं अनेकांना जास्त लागू पडतं. कारण मग आपण आपल्याला बाहेरून बघतो.

२०१४ च्या एका प्रयोगात दोन आठवडे अशी वाक्यं तयार करून सराव केलेल्या लोकांचा सायकलवर दमून थांबेपर्यंतचा वेळ साधारण १८ टक्क्यांनी वाढला होता. त्यातला 'दोन आठवडे' हा भाग महत्त्वाचा. रेसच्या सकाळी पहिल्यांदा सुचलेलं वाक्य ३५ व्या किलोमीटरला आठवत नाही.

काय बोलू नये? 'दुखत नाहीये, दुखत नाहीये.' नाकारलं की लक्ष तिथेच जातं.

७. दमलोय ते खरंच की मन फसवतंय, हे कसं ओळखायचं?

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकचे आकडे नंतर विचारतात. आधी विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातल्या मूर्तीच्या) कुठपर्यंत पाणी आलंय? हीच मोजपट्टी स्वतःला लावा, दर दोन किलोमीटरला.

पाणी गुडघ्याला: पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतात. आठवड्यातले बहुतेक रन आणि लाँग रनचा मोठा भाग इथेच असावा. कमरेला: वाक्य बोलता येतं, पण मध्ये श्वास घ्यावा लागतो. फुल मॅरेथॉनचा पहिला अर्धा भाग याच्या वर जाता कामा नये. छातीला: तीन-चार शब्द निघतात. हाफचा शेवटचा तिसरा भाग, टेम्पो रन (जोरदार पण टिकणाऱ्या वेगाने सलग पळणं). गळ्याला: एकेक शब्द. हे पाच किलोमीटरच्या शर्यतीपुरतं. डोक्यावरून: बोलणं बंद. लांब पल्ल्यात इथे पोहोचलात तर कुठेतरी गणित चुकलं आहे.

पट्टीवर कमरेला आणि मनात मात्र 'संपलं सगळं' असं असेल, तर तो बहुधा कंटाळा किंवा भीती आहे. वेग किलोमीटरमागे २०-३० सेकंदांनी उतरवा, थोडं गोड आणि पाणी घ्या, दहा मिनिटं तसंच पळत वाट पाहा. निवळलं तर पुढे चला. दोन्ही पायांत सारखा जडपणा हा थकवा असतो. एकाच जागी टोचणारं, पाऊल वाकडं टाकायला लावणारं दुखणं ही दुखापत असते, तिथे मनाची परीक्षा घ्यायची नाही. छातीत दुखणं वगैरे लक्षणांसाठी प्रश्न २०.

८. मैदानात फेऱ्या मारून वैताग येतो. गाणी लावून पळू का?

कृषीनगर जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लब मैदानावर निवांत रन असेल तर खुशाल लावा. वाहत्या रस्त्यावर नको. सातपूरहून त्र्यंबक रोडला लागणारे कंपन्यांचे टेम्पो आणि पहाटेच्या एसटी ऐकू यायला हव्यात.

पण आठवड्यातून एकदा तरी गाण्यांशिवाय पळा. लक्ष बाहेर वळवलं की वेळ बरा जातो, पण श्वास, पावलं आणि वेग यांची खबर लागत नाही. रेसमध्ये ती हवीच. फेऱ्यांचा कंटाळाही फुकट जात नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं ते १०,००० मीटरमध्ये. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या. फेऱ्या मोजण्यासाठी खिशात दहा चिंचोके ठेवा आणि दर फेरीला एक इकडून तिकडे करा. डोकं मोजण्यातून मोकळं होतं.

९. दिवसभर ऑफिसात बसूनच काम असतं, तरी संध्याकाळी पाय जड का होतात?

कारण थकलेलं डोकं तेच श्रम जास्त असल्यासारखं मोजतं. २००९ साली सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी काही जणांना ९० मिनिटं संगणकावर एकाग्रतेचं काम दिलं आणि मग सायकलवर दमेपर्यंत बसवलं. एरवीपेक्षा ते सुमारे १५ टक्के लवकर थांबले. हृदय नि फुप्फुसं नेहमीसारखीच चालत होती, फक्त त्यांना श्रम जास्त वाटत होते.

त्यामुळे मार्च एंडिंग, ऑडिट, मुलांच्या परीक्षा अशा आठवड्यांत इंटरव्हल (मध्ये विसावा घेत जोरात पळण्याचे तुकडे) आणि टेम्पो रन संध्याकाळी ठेवू नका. एकतर सकाळी करा, नाहीतर त्या दिवशी निवांत ४० मिनिटं. अंबड-सातपूरला पाळीत काम करणाऱ्यांनी रात्रपाळीहून आल्यावर लाँग रन करू नये. आधी झोप, मग दुपारनंतर पळणं. रात्रपाळीच्या आठवड्यात एकूण अंतर पाव हिश्शाने कमी केलं तरी काही बिघडत नाही.

१०. ऑक्टोबरच्या उन्हात वेग पडतो आणि वाटतं, केलेली मेहनत वाया गेली.

वाया काही गेलेली नसते. गरम हवेत शरीर रक्ताचा एक वाटा त्वचेकडे, थंड राहण्यासाठी पाठवतं. स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, म्हणून त्याच वेगाला नाडी वर जाते. अशा दिवसांत किलोमीटरऐवजी मिनिटांवर पळा. 'आज ९० मिनिटं, पाणी गुडघ्याला' (प्रश्न ७). पेसचा (किलोमीटरला लागलेल्या वेळेचा) रकाना वहीत रिकामा सोडा. पावसाळ्यात रस्ता निसरडा असताना, खड्ड्यांत पाणी असताना हाच नियम. नोव्हेंबरमध्ये गारवा आला की तोच वेग आपोआप हलका वाटू लागतो.

११. पळण्याच्या अॅपवर बाकीच्यांचे आकडे बघून उदास वाटतं.

लाँग रनच्या दिवशी अॅप उघडू नका. घड्याळावरही पेसऐवजी फक्त वेळ दिसेल असं करून ठेवा. शिवाय लोक चांगले रन टाकतात, अर्ध्यातून रिक्षाने परत आलेले नाही.

१२. घरचे म्हणतात, 'पदक मिळणार आहे का? मग कशाला जीव काढतोस?' कसं समजवायचं?

समजावून फारसा उपयोग होत नाही, वेळ वाटून घेतल्याने होतो. रविवारी नऊ वाजता घरी म्हणजे नऊच वाजता घरी. दुपारी दोन तास झोपून दिवस संपवायचा नाही. संपूर्ण तयारीचे लाँग रनचे दिवस कॅलेंडरवर लिहून स्वयंपाकघरात लावा, म्हणजे लग्नकार्य आणि लाँग रन एकाच दिवशी आलं तर आठवडाभर आधी कळेल. (पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळतं, हे सांगायला विसरू नका. निम्मा वाद तिथेच मिटतो.)

पहाटे अंधारात एकटीने पळणाऱ्या महिलांना भीती वाटते ती मनाची कमजोरी नव्हे. उजेड होईपर्यंत वर्दळीच्या ट्रॅकवर फेऱ्या, मग रस्ता. किंवा तिघी-चौघींचा गट. लाइव्ह लोकेशन घरच्या एकाकडे चालू ठेवा.

१३. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र. उपवासाला लाँग रन करावा का?

पाणीही न घेता होणाऱ्या उपवासाला पळू नका. फराळी उपवास असेल तर लाँग रन आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ढकला. नवरात्रात नऊ दिवस ढकलणं शक्य नसतं, तेव्हा आदल्या संध्याकाळी साबुदाणा किंवा रताळं, निघण्याआधी केळं, वाटेत खजूर आणि मीठ-साखरेचं पाणी ठेवा. अंतर एक तृतीयांशाने कमी करा. या नऊ दिवसांतल्या चिडचिडीवरून आपल्या तयारीचा निकाल लावू नका. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास आणि लांब पळणं एकत्र करू नये.

१४. दुखापतीमुळे तीन आठवडे बंद. सगळे पुढे गेले, मी मागे पडलो. खूप निराश वाटतंय.

पहिल्या दहा-बारा दिवसांत दमश्वास फार थोडा घटतो. तीन आठवड्यांत घटतो, पण पुन्हा मिळवायला सुरुवातीइतका वेळ लागत नाही. जास्त नुकसान होतं ते परतल्यावर राहिलेलं भरून काढण्याच्या घाईने. चुकलेले लाँग रन चुकलेच. ते पुढच्या आठवड्यांत कोंबायचे नाहीत.

पळण्याची वेळ मोकळी सोडू नका, त्याच वेळी उठा. फिजिओने परवानगी दिली तर पोहणं किंवा सायकल, नाहीतर दिलेले व्यायाम. त्यांचीही वहीत नोंद करा, संचांसकट. रविवारी गटाबरोबर जाऊन पाण्याच्या बाटल्या सांभाळा. माणसांपासून तुटलं की निराशा दुप्पट होते. रेसला सहा आठवड्यांहून कमी राहिले असतील आणि सर्वांत लांब रन अजून झालाच नसेल, तर फुलवरून हाफवर या. आयोजक बदल करून देत नसतील तर यंदा सोडा.

१५. शेवटच्या दोन आठवड्यांत पळणं कमी केलं आणि गुडघा, टाच, घसा, सगळंच दुखायला लागलं!

टेपरचा, म्हणजे रेसआधी पळणं कमी करण्याच्या काळाचा, हा नेहमीचा प्रकार आहे. एरवी थकव्याखाली दबलेल्या बारीकसारीक जाणिवा आता ऐकू येतात, आणि मोकळा वेळ मिळाल्यामुळे डोकं त्या चघळत बसतं. आज गुडघा, उद्या दुसराच घोटा अशी जागा बदलत असेल तर दुर्लक्ष करा. एकाच जागी तीन दिवस टिकली आणि चालतानाही दुखली तरच दाखवा.

वजन एक-दोन किलो वाढलं तर घाबरू नका. पोळी-भात वाढवला की स्नायूंत कर्बोदकांचा साठा होतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही साठतं. ते चरबी नसतं. या दिवसांत नवे बूट, नवा आहार, मित्रांबरोबर अंजनेरीचा ट्रेक, काहीही नको. हात शिवशिवत असतील तर बिब (छातीवर लावायचा क्रमांक), सेफ्टी पिना, जेल (वाटेत घ्यायचं गोड पाकीट), व्हॅसलीन यांची पिशवी भरा आणि वहीतले जुने लाँग रन वाचा. वही लिहायला सांगितली होती ती मुख्यतः याच आठवड्यासाठी.

१६. आदल्या रात्री झोपच लागली नाही तर?

एका रात्रीच्या जागरणाने रेस बिघडत नाही. त्याच्या आधीच्या दोन रात्री नीट झोपा. झोप येत नसेल तर डोळे मिटून पडून राहा, घड्याळ उलटं ठेवा. झोपेची गोळी पहिल्यांदा या रात्री घेऊन पाहू नका.

१७. स्टार्ट लाइनवर छाती धडधडते, पोटात गोळा येतो, सारखं लघवीला होतं. भीतीच वाटते.

धडधड, ओले तळवे, पोटातली कालवाकालव ही शरीर तयार झाल्याची खूण आहे. परीक्षेत आणि लग्नाच्या मांडवात हेच होतं. तिला 'भीती' म्हणण्याऐवजी 'गाडी सुरू झाली' म्हणा. 'शांत हो, शांत हो' म्हणत बसण्यापेक्षा ते सोपं जातं.

मग श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दहा वेळा. श्वास सोडणं लांबवलं की नाडी उतरते. शौचालयाच्या रांगेसाठी ४५ मिनिटं आधी पोहोचा. शेवटचं मोठं पाणी दोन तास आधी, नंतर फक्त घोट. चहा-कॉफी रोजच्याइतकीच. पहिल्या दोन किलोमीटरला शंभर जण ओलांडून जातील, जाऊ द्या. त्यातले बरेच तिसाव्या किलोमीटरनंतर चालताना भेटतात.

१८. तयारी नाशिकच्या थंडीत आणि रेस मुंबईत. तिथे मन का खचतं?

हवा बदलते, तयारी नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथला डिसेंबर कोरडा आणि गार असतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, तिथे पहाटेही हवा दमट, घाम वाळत नाही. सूर्य वर आल्यावर फुलचा दुसरा भाग उन्हात जातो, आणि शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो. नाशिकचा पेस तिथे तसाच धरला की वीस-बाविसाव्या किलोमीटरला दमछाक होते आणि 'आज आपला दिवस नाही' हा विचार सुरू होतो.

पहिले दहा किमी नाशिकच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे १०-१५ सेकंद हळू धावा. शेवटच्या तीन आठवड्यांत दोन रन सकाळी नऊनंतर, उन्हात, एक जादा टी-शर्ट घालून करा. चढासाठी त्र्यंबक रोडवर अंजनेरी फाट्याच्या दिशेने लाँग रनचे शेवटचे चार-पाच किमी ठेवा. चढाला नजर पाच पावलांवर, माथ्याकडे नको.

१९. ३०-३२ किमीला 'भिंत लागते' म्हणतात. ती मनाने तोडता येते का?

मुळात ती मनाची नसतेच. शरीरात कर्बोदकांचा साठा साधारण ४००-५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० कॅलरींचा. पळायला किलोमीटरमागे, वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किमीसाठी २७०० च्या वर. काही भाग चरबीतून येतो, पण जितकं जोरात पळाल तितका साठ्यावर भार. तो तळाला गेला की मेंदूलाही साखर कमी पडते, आणि मग जगातले सगळे निराशेचे विचार एकदम सुचतात. त्यांच्याशी वाद घालू नका, खा.

ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या ४०-४५ मिनिटांपासून. एका जेलमध्ये साधारण २०-२५ ग्रॅम असतात, पाकिटावर वाचा. चार-पाच साधे खजूर जवळपास तेवढेच. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. पोटाला सवय लागायला किमान पाच-सहा लाँग रन हवेत, नाहीतर रेसमध्ये मळमळ होते. पाणी तहानेप्रमाणे. प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. अनेक जण याला पाण्याची कमतरता समजून आणखी पाणी पितात, ते धोक्याचं.

भिंत लागलीच तर एक मिनिट चाला, जेल आणि दोन घोट पाणी घ्या, नंतर चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला. हे आधीच ठरलेलं असेल तर चालताना हरल्यासारखं वाटत नाही. या टप्प्यावर जरा हसून बघा. हसताना चेहरा आणि खांदे सैल सोडावे लागतात. पाणी देणारी पोरंही मग जास्त ओरडतात, तो फायदा वेगळा.

२०. अर्ध्यातून सोडणं म्हणजे हार का? कधी सोडायचं?

सोडण्याचे नियम घरी, ताजंतवानं असताना लिहून ठेवा. पळताना फक्त ते पाळायचे. आमची यादी: छातीत दुखणं किंवा दाब, चक्कर, घाम थांबून अंगावर काटा येणं, आपण कितव्या किलोमीटरला आहोत हे न आठवणं, सरळ रेषेत पळता न येणं, हाडात एका जागी टोचणं. यातलं एक जरी असेल तर जागेवर थांबा आणि स्वयंसेवकाला सांगा. 'पुढच्या खांबापर्यंत' ही युक्ती इथे वापरायची नाही.

यादीत नसलेल्या कारणाने सोडावंसं वाटलं (वेळ हुकली, लाज वाटते, कंटाळा आला) तर पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंत चालत जा आणि तिथे ठरवा. मग तिसरं लक्ष्य काढा (प्रश्न ४).

२१. रेस मनासारखी झाली, तरी आठवड्याने रिकामं रिकामं वाटतंय.

चार महिने प्रत्येक दिवसाला दिशा होती, ती अचानक गेली. घरातलं कार्य उरकल्यावर मांडव उतरवताना वाटतं तसं. दोन आठवडे घड्याळाशिवाय, वाटेल तेव्हा नि वाटेल तेवढं पळा. तिसऱ्या आठवड्यात वही वाचून काय जमलं, काय फसलं ते पानभर लिहा. त्याआधी पुढच्या रेसचे पैसे भरू नका, उत्साहात चुकीचं अंतर निवडलं जातं. दोन-तीन आठवड्यांत निवळलं नाही तर पुढचा प्रश्न वाचा.

२२. चिडचिड होते, झोप उडाली, बूट बघूनच नको वाटतं. हा आळस की दुसरं काही?

आळस एक-दोन दिवसांचा असतो आणि बाहेर पडल्यावर जातो. दोन आठवडे टिकला, निवांत रनही जड जाऊ लागला आणि सकाळी उठल्या-उठल्या मोजलेली नाडी नेहमीपेक्षा ५-१० ठोक्यांनी सतत वर राहिली, तर शरीराला विश्रांती पुरत नाहीये. आठवडाभर पूर्ण थांबा, नंतर दोन आठवडे निम्मं अंतर. अशा वेळी मन घट्ट करून रेटणारेच महिनोन्महिने बाहेर बसतात.

खाणं कमी पडल्यानेही हेच होतं, विशेषतः पळणं आणि वजन कमी करणं एकाच वेळी चालू असेल तर. सारखी सर्दी, वरचेवर हाडांचं दुखणं, महिलांमध्ये पाळी अनियमित होणं या त्याच्या खुणा. सलग तीन महिने पाळी आली नाही तर 'व्यायामाने होतं' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड आणि व्हिटॅमिन डी तपासून घेणं पुरुषांनाही उपयोगाचं.

पळण्यापलीकडेही कशातच रस वाटत नसेल, रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो ट्रेनिंगचा प्रश्न उरत नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवस-रात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. रेसचा बिब पुढच्या वर्षीही मिळतो, फोन आज करा.